अर्धा तांब्या

आमच्या कोल्हारात पिक्चर तांब्यात मोजतात.

तुमच्याकडे पेपरवाले तारे देत असतील, सरकार एक दाखला चिकटवत असेल की अमुक वयाच्या खालच्यांनी आई-बापांना विचारून बघावा. आमच्याकडे गिरणीच्या भिंतीवर काळा फळा आहे. त्यावर तीन रकाने: पिक्चर, तांबे, शेरा. एखाद्या पिक्चरला 'एक तांब्या', एखाद्याला 'तीन तांबे', आणि एखाद्यापुढे ठळक अक्षरात 'सबंध हंडा'. दळणाला आलेला नवा माणूस वाचतो आणि समजतो, नळाला पाणी कधी येणार त्याची नोटीस आहे. मागे बँकेत बदलून आलेल्या एका साहेबांनी 'सबंध हंडा' वाचून तिथूनच बायकोला फोन लावला होता, भरून ठेव म्हणून.

फळा तांबेआण्णांचा. आण्णांचं आडनाव तांबे नाही. आधार कार्डावर ते बबन काशिनाथ असे काहीतरी आहेत, पण पोस्टमनसुद्धा तांबेआण्णाच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. धोतर, पांढरा सदरा आणि वरच्या खिशात खडू. दर शुक्रवारी श्रीरामपूरची एसटी धरायची, पहिला खेळ बघायचा आणि पाच वाजता फळ्यावर निकाल लावायचा, हा त्यांचा नेम. एसटीला त्यांचं वय बघून तिकीट लागत नाही, म्हणून ते म्हणतात, "सरकारनंच नेमलंय मला."

तांब्याचं गणित सोपं आहे. पोराबाळांबरोबर पिक्चर बघताना मध्येच काही भलतंसलतं आलं की आई कशी म्हणते, "जा रं, तांब्याभर पानी आन." पोरगं उठतं, पाणी आणेपर्यंत पडद्यावरचं आटोपलेलं असतं. पोराला जितक्या वेळा उठवावं लागेल, तितके तांबे. हंडा म्हणजे पोराला आणूच नका. आण्णांचं पालुपद एकच: "आधी पान्याला कोन उठनार ते ठरवा, मग तिकीट काढा."

शेऱ्याच्या रकान्यात ते फार लिहीत नाहीत. एका भुताच्या पिक्चरला लिहिलं होतं, 'भूत बरे. माणसे भयंकर.' एका नटाबद्दल, 'सबंध वेळ उभा. खुर्ची द्यावी.' एका घरगुती पिक्चरला शून्य तांबे आणि शेरा, 'कोणीच उठणार नाही. सगळे झोपतील.' ताऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. "तारा दिसतो, हाताला लागत न्हाई," ते म्हणतात. "तांब्या हाताला लागतो."

हे सगळं आलं कुठून, ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी त्या तांब्याची जुनी गिऱ्हाईक आहे.

पूर्वी देवीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. आण्णा त्या तंबूवाल्याकडे गेटकीपर. गेटाशी एक मोठा रांजण पुरलेला असे. मी तेव्हा अठरा वर्षांची नवी सून. माहेर काष्टीचं. एवढ्या मोठ्या बाजाराच्या गावची पोरगी, म्हणून मला वाटायचं की जग काय ते मी बघितलंय आणि कोल्हारकरांनी आता माझ्याकडून शिकून घ्यावं. आमच्या सासूबाईंना असं काही वाटत नव्हतं. पडद्यावर हिरोनं हिरोइनीचा हात धरला की त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. "सूनबाई, पानी आना." मी लग्न झालेली बाई! पण तांब्या घेऊन निघायचं.

रांजणाशी आण्णा तांब्या घ्यायचे आणि ओगराळ्यानं अशी बारीक धार सोडायचे, की मुंगीनं प्यावं.

"भरा की लवकर!"

"दमा वैनी, आजून धरलाय त्यानं हात. सुटला की भरतो."

त्यांची पाठ पडद्याकडे असायची. पिक्चर त्यांना कानानं पाठ होता. गाण्याचं कितवं कडवं चाललंय, कुठला सीन किती लांब, सगळं धारेत मोजलेलं. आईनं ज्यासाठी पोरगं उठवलं ते संपलं की त्याच क्षणी तांब्या काठोकाठ. सगळ्या गावची पोरं त्यांनी अशी राखली, आणि पोरांच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली मी.

एकदा मी पाण्याला गेले तेव्हा हिरोनं हिरोइनीचा हात धरला होता आणि परत आले तर तो तुरुंगात. मधलं काही मी पाहिलं नाही. पण माहीत नाही म्हणणारी मी नव्हते. हात धरल्याबद्दल सरकार आत टाकतं, असं मी पुढे बारा वर्षं धाकट्या जावेला ठणकावून सांगत होते. ती बिचारी नवऱ्याबरोबर बाजारातून चालताना हात पाठीमागे बांधून चालायची.

तंबू गेला. थेटरं आली, टीव्ही आला, मोबाईल आला. आण्णांनी फळा लावला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जुनी सवय सुटत नाही. मला कारण ठाऊक होतं, पण ते मी कुणाला सांगत नसे. त्या कारणात मीही आहे.

आण्णांची बायको लवकर गेली. मागे चार वर्षांचा राजू. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून आण्णा त्याला तंबूतच न्यायचे. म्हणजे बघा, गावची पोरं पाण्याला उठवली जायची आणि त्यांचं स्वतःचं पोर पडद्याच्या मागे गोधडीवर झोपायचं, गाणी ऐकत ऐकत. त्याचा गळा तिथंच तयार झाला. दहावी काही झाली नाही. संगमनेरच्या एका बँडात गायला लागला, वरातीच्या गाडीवर माईक धरून. आण्णांना ते अजिबात सोसलं नाही. "माझं पोरगं लोकांच्या घोड्याम्होरं गानार?" पोरगं म्हणालं, "आण्णा, एकदा ऐका तरी." आण्णा ऐकायला कधी गेले नाहीत. पोरगं प्यायला लागलं, तेव्हा तर घरात त्याचं नावही निघेनासं झालं.

मग माझ्या पुतण्याचं लग्न आलं. कोल्हारातच. बँड संगमनेरचा. गाडीवर राजू. वाळून काडी झालेला, पण माईक हातात आला की काठी उभी करावी तसा सरळ व्हायचा. वरात पुलाच्या बाजूनं वळली तेव्हा त्याला बाप दिसला, माझ्याच शेजारी उभा. पोरं धिंगाणा घालत होती. ते नाचाचं गाणं त्यानं मध्येच तोडलं आणि एक जुनं, संथ गाणं धरलं. तंबूच्या काळातलं. नाचणारी पोरं ओरडायला लागली, "ए, वाजीव की दुसरं!" तो बापाकडे बघत गात राहिला.

आणि मी काय केलं? मी नवरदेवाची चुलती. नऊवारी, नाकात नथ, अंगात वारं शिरलेलं. चार बायकांत मोठ्यानं म्हणाले, "काय आण्णा, गावची पोरं राखली आन् घरचं घोड्याम्होरं सोडलं व्हय?"

बायका खळखळून हसल्या. आपण फार मजेशीर बोललो, असं मला वाटलं. तेव्हा मी अठरा वर्षांची नव्हते हो. छप्पन्न वर्षांची होते.

आण्णा म्हणाले, "तहान लागली वैनी. पानी पिऊन येतो."

ते गेले. गाणं संपलं. आण्णा आले नाहीत. राजू माईक खाली धरून थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग पुन्हा नाचाचं लावलं.

पुढच्या वर्षी राजू नाशिकच्या दवाखान्यात वारला. दारूनं आतून पोखरला होता. आण्णांनी त्याला घरी आणलं, सगळं केलं, आणि तेराव्यानंतर गिरणीवाल्या दत्तूकडे जाऊन विचारलं, "तुझ्या भिंतीवर फळा लावू का?"

तर आता या पिक्चरकडे येते.

गावात सगळे त्याला 'बँडवाल्याचा पिक्चर' म्हणत. वरातीत गाणारा एक पोरगा, दारू, मारामाऱ्या, गलिच्छ वस्ती, आणि सगळ्यातून वर येणारं त्याचं गाणं. पेपरांनी चार-चार तारे दिले. एकानं लिहिलं, 'अंगावर येणारे वास्तव.' आण्णांनी ते दत्तूला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "अंगावर म्हस येती. वास्तव कसं येतंय?" दुसरीकडे मोबाईलवर बोंब चाललेली की असल्या पिक्चरनं पोरं बिघडणार, शिव्या किती, व्यसन किती. सरकारी दाखला सोळा वर्षांचा. त्याखालच्या पोरांचं आई-बापांनी ठरवावं, असा. सरकारनं आई-बापांवर सोडलं आणि आमच्या आई-बापांनी आण्णांवर सोडलं.

माझी नात तनू पंधराची. गाण्याचं वेड. तिनं घर डोक्यावर घेतलं. माझा मुलगा सुनील म्हणाला, "फळ्यावर दोनपेक्षा जास्त तांबे आले तर नाव काढायचं न्हाई."

शुक्रवारी पाच वाजता गिरणीपुढे दहा-बारा आया जमल्या. आण्णा आले. पिक्चरचं नाव लिहिलं. तांब्याच्या रकान्यापाशी खडू टेकवला, थांबले, आणि खडू खिशात टाकून घरी गेले.

शनिवारी ते पुन्हा गेले. रकाना मोकळा. रविवारी पुन्हा गेले. रकाना मोकळा. असं कधी झालं नव्हतं. एकच पिक्चर तीनदा!

"हंडा आसंल," एक म्हणाली. "लिव्हायला लाजत्यात."

"आवो, म्हाताऱ्याला नटी आवडली आसंल," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

दत्तूनं विचारलं, "आण्णा, तीनदा बघून बी मोजना व्हय?"

"मोजतोय."

"मग?"

"तांब्या गळका हाय," म्हणाले आणि गेले.

मी हसले नाही. सोमवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. ते ज्वारी निवडत होते. खडे सुपात आणि ज्वारी बाहेर, असं उलटंच चाललं होतं.

"आण्णा, काय झालं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वैनी, आख्खा बघितल्याबिगर निकाल द्यावा का?"

"तीनदा गेलात की."

"शेवट न्हाई बघितला. शेवटाला त्याचा बाप येतो. जन्मभर ऐकलं न्हाई त्यानं पोराचं. मागच्या दाराशी येऊन हुबा राहतो. पोरगं गायाला तोंड उघडतं... आन् मला तहान लागती. बाहीर नळ हाय. पानी पिऊन येईस्तवर दिवे लागलेले आसत्यात."

"तिन्ही टायमाला?"

"तिन्ही टायमाला."

"मग तो बाप पुढं काय करतो?"

"तेच तर म्हाईत न्हाई."

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन्ही हातांनी ज्वारी सुपात भरली आणि घरी आले.

मंगळवारच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले. "तुमी कशाला?" म्हणाले. "मला नटी बघायचीय," म्हटलं. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत काय आहे हे मी सांगितलं नाही.

थेटरच्या दारात एका तरण्या पोरीनं पिशवी उघडायला लावली. आत पितळेचा तांब्या, तोंडाला प्लॅस्टिक, वरून रबर.

"आजी, बाहेरचं पाणी चालत नाही."

"ए बाई, गोळी घ्यायची आसती मला."

"बाटली आत मिळेल."

"बाटलीतलं मला बाधतं."

मी आवाज चढवणार तोच आण्णा मध्ये पडले. "वैनी, गेटवरच्या मान्साला तरास द्यायचा न्हाई. पोटापान्याचं हाय त्याच्या." आणि पोरीला म्हणाले, "म्या बी गेटवरच हुतो, पोरी. चाळीस वर्सं." ती पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली, तांब्याकडे बघत राहिली, आणि मग हसून म्हणाली, "जा बाबा. सांडू नका पण."

पिक्चर सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत मला सासूबाईंची आठवण आली. त्या असत्या तर पिक्चरभर माझी पाण्यासाठी ये-जाच झाली असती, खुर्चीवर बसणं नशिबात नसतं. काय त्या शिव्या! काही तर मी सत्तर वर्षांत ऐकल्या नव्हत्या. पण तो पोरगा गायला लागला की शिव्या विसरायला व्हायचं. माईक हातात आला की सरळ व्हायचा. मला खुर्चीत नीट बसवेना. वरातीत बोललेली ती नऊवारीतली बाई माझ्याच शेजारी येऊन बसली होती आणि तिला उठवून कुठं पाठवावं ते मला समजेना.

शेवट आला. मोठा मंडप, गर्दी, दिवे. मागच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. मी पडदा बघायचं सोडून शेजारी बघू लागले. स्टेजवरच्या पोरानं तोंड उघडलं, आणि इकडे आण्णांनी खुर्चीच्या दांडीवर हात टेकले.

"वैनी, जरा पानी..."

मी रबर काढला. तांब्या त्यांच्या हातात दिला.

"बसा आण्णा. पानी मी आनलंय."

ते अर्धवट उठलेले होते. तसेच थांबले. मागचा कुणीतरी म्हणाला, "ओ बाबा, खाली बसा." आण्णा बसले. तांब्या दोन्ही हातांत धरून, पोटाशी घेऊन. प्यायले नाहीत.

पडद्यावरच्या बापानं काहीच केलं नाही. पुढे गेला नाही, हाक मारली नाही, रडलासुद्धा नाही. गाणं संपेपर्यंत दाराशी उभा राहिला, एवढंच. पोराला तो दिसला की नाही तेही कळलं नाही. आणि पिक्चर संपला.

दिवे लागले. माणसं उठून गेली. आण्णा बसूनच.

"एवढंच?" ते म्हणाले.

"काय एवढंच?"

"एवढंच हुतं व्हय, वैनी? मला वाटलं, लई लांब आसंल." उजवा हात तांब्यावर धरून त्यांनी धार सोडतात तसा हळूच तिरका केला आणि मनात काहीतरी मोजलं. "अर्धा तांब्या. अर्धा तांब्या बी भरला नसता. तेवढंच हुबं राह्यचं हुतं."

"आण्णा, त्या लग्नात मी..."

"वैनी, एसटी चुकंल," आण्णा म्हणाले आणि उठले.

एसटीत तांब्या त्यांच्याच हातात होता. बसच्या धक्क्यानं थोडं थोडं पाणी धोतरावर सांडत होतं आणि ते सांडू देत होते.

त्या दिवशी पाच वाजता फळ्याचा रकाना भरला. 'अर्धा तांब्या.' शेरा: 'बापाने उठू नये.'

गाव खूश. अर्धा तांब्या म्हणजे जवळजवळ शून्यच! सगळ्यांनी पोरंबाळं घेऊन थेटर गाठलं, आणि दोन दिवसांनी गिरणीपुढे भांडायला जमले.

"आण्णा, अर्धा तांब्या म्हंता? कानात बोळं घालायची पाळी आली!"

"माझं बारकं कालपासून एक शिवी पाठ करतंय!"

"कुठल्या मापानं अर्धा, सांगा की!"

"माझ्या," आण्णा म्हणाले. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फळा काही पुसला नाही. अजून पुसलेला नाही. नवे पिक्चर त्याच्याखाली लिहितात.

सुनीलही तनूला नेऊन आला, तो तणतणतच. "आई, तू बघून आलीस ना? आन् मला पोरीला नेऊ दिलंस? मला तर तोंड लपवायला जागा न्हवती."

"शेवटाला उठलास का रे?"

"कुठं उठतोय? ही माझा हात धरून बसली हुती. सोडंना." त्यानं तनूकडे बघितलं. ती पायरीवर बसून पिक्चरातलं गाणं हळू आवाजात म्हणत होती. तो बाहेर निघाला होता, कशाला ते मला माहीत नाही. दाराशी थांबला.

तांब्या अजून आण्णांकडेच आहे, त्यांच्या ओट्यावर, पालथा घातलेला. सासूबाईंच्या वेळचा आहे, तोच तंबूतला. मी मागायला गेलेले नाही.